शेवटची क्वार्टर कधी? डिटॉक्स वॉर्डातलं एक प्रकरण

(हे प्रकरण नाशिकमधल्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रातलं आहे, मी तिथे समुपदेशक आहे. डिटॉक्स म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातली दारू उतरवणं. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नातीगोती आणि काही घटनांचे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे ‘तात्या’ म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

तात्या दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वय पंचेचाळिशीच्या आसपास, चार एकर थॉमसन. घरात आई, बायको, दोन मुलं आणि शेजारीच वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ. दारू पंचविशीत सुरू झाली. आधी बाजाराच्या दिवशी, मग फवारणीच्या रात्री, मग रोज. आमच्याकडे आणलं तेव्हा दिवसाला तीन-चार क्वार्टर देशी जात होती. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे रोजचे १८० ते २४० ग्रॅम. सकाळी हात इतके थरथरायचे की दाढी करायला न्हाव्याकडेच जावं लागायचं. पोटात थोडी गेली की हात थांबायचे.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आईने तात्यांना सोबत नेलं आणि तिथे त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्या भागात दारू सोडवायचा हा जुना रस्ता आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. माळकरी माणूस गुत्त्यावर दिसला तर चार जण टोकतात, संध्याकाळ भजनात जाते, उठण्या-बसण्यातली माणसं बदलतात. कित्येकांची दारू अशीच सुटली आहे. पण वर्षानुवर्षं रोज इतकी दारू मुरलेलं शरीर एकदम कोरडं ठेवलं की ते बंड करतं, आणि त्या बंडाला एकादशी-द्वादशी समजत नाही. तात्यांनी चार-दोन दिवस कसेबसे काढले आणि लपून पुन्हा सुरू केली.

फेब्रुवारीत भावाने त्यांना फवारणीच्या ट्रॅक्टरमागे बाटलीसकट पकडलं. तो गुरुवार होता. आईने त्याच रात्री माळेवर हात ठेवून आण घ्यायला लावली. पुढच्या मंगळवारी सकाळी उलट्या, घाम आणि थरथर वाढली. गावातल्या डॉक्टरांनी ‘दोन सलाईन लावू, अशक्तपणा आहे’ असं सांगितलं. भावाला ते पटलं नाही. अकराच्या सुमारास चौघं जण आमच्या दारात उभे होते. द्राक्षांचा खुडा आठवड्यावर आला होता.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत किंवा उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. बाकीचे ३७ काय करतात, ते तात्यांच्या फाइलमध्ये ओळीने सापडतं: माळ, आण, सलाईन आणि चहातून गोळी. या गोळीकडे पुढे येतेच.

अडचण

दाखल करतानाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: शेवटचं मद्यपान, दिवस आणि वेळ. मी तात्यांना विचारलं आणि उत्तर आईंनी दिलं. “गुरुवारी. त्यानंतर थेंब नाही मॅडम, माळेची आण आहे.” भावाने मान हलवली. तात्या चपलेकडे बघत होते.

हा रकाना नुसती नोंद म्हणून भरायचा नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू तुटली की साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. आकडी येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत असतो. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: दिवस-रात्रीचं भान जातं, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. थोडक्यात, घड्याळ शेवटच्या घोटापासून सुरू होतं. गुरुवारची रात्र खरी धरली, तर मंगळवारी अकरा वाजता तात्या धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडले होते; थोडी औषधं, झोप, जीवनसत्त्वं आणि मग समुपदेशन. पण ते मंगळवारी पहाटे प्यायले असतील तर खरा धोका अजून यायचा होता.

एक गोष्ट जुळत नव्हती. साडेचार दिवस कोरडे काढलेल्या माणसाची थरथर उताराला लागलेली असते. यांची चढत होती. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, सहज बोलून गेल्या, “सकाळी फार त्रास होतो, पण बागेत चक्कर मारून आले की नऊपर्यंत बरे असतात.” बागेत नेमकं काय होतं की नऊपर्यंत बरं वाटतं?

तोंडाला वास होता, पण तंबाखूचा आणि बडीशेपेचा. श्वास तपासायचं यंत्र केंद्रात तेव्हा नव्हतं.

पहिला निर्णय: खरी वेळ कशी काढायची

सगळ्यांसमोर पुन्हा खडसावून विचारणं हा एक मार्ग. बरेच नातेवाईक तीच अपेक्षा घेऊन येतात, की मॅडमनी एकदा चांगलं झापावं. पण तात्यांना आईसमोर खरं बोलायचं म्हणजे माळ मोडल्याची कबुली द्यायची. असा माणूस शेवटपर्यंत गुरुवारच सांगणार.

मनोविकारतज्ज्ञांचं मत होतं की उत्तर काहीही येवो, आपण सगळ्यात वाईट शक्यता धरून चालू. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच होतं. तरी वेळ नक्की कळली तर कोणत्या रात्री कोण ड्युटीवर असावं, बेड कुठला द्यायचा, नातेवाइकांना कशासाठी तयार करायचं, हे सगळं ठरवता येतं. वाईट शक्यता धरली तरी ती मंगळवारी रात्री येणार की गुरुवारी, हे कळायला हवंच.

म्हणून चौघांना वेगळं केलं. आई आणि भाऊ कागदपत्रांच्या खिडकीशी गेले. वहिनींना टॉवेल-साबण आणायला पाठवलं. दार लोटून घेतलं आणि प्रश्न बदलला. प्यालात का, हे विचारलंच नाही.

“तात्या, आज सकाळी हात किती वाजता थांबले?”

बराच वेळ गेला. मग, “पाच-साडेपाचला.”

“किती लागली?”

“एक.”

“अख्खी?”

“अख्खी.” एवढं बोलून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, माळ आत गेली. “म्हातारीला नका सांगू.”

आईंना सांगणार नाही, डॉक्टरांना मात्र आत्ता सांगावं लागेल, हे मी तिथेच स्पष्ट केलं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे गोपनीयतेचा हक्क तात्यांनाही होता. पण उपचार करणाऱ्या टीमपासून लपवलं तर त्या गोपनीयतेला काही अर्थ नाही. त्यांनी मान डोलावली.

वहिनींशी वेगळं बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी तात्यांनी स्वतःहून दारू बंद केली होती आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आकडी येऊन पडले. शेजाऱ्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, पाच मिनिटांत शुद्ध आली. घरच्यांनी त्याला ‘चक्कर’ असं नाव दिलं आणि आम्हालाही चक्करच सांगितली होती. दारू तुटल्यावर एकदा आकडी आलेल्या माणसाला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता जास्त असते, आणि दर वेळी तुटण्याचा त्रास आधीपेक्षा कडक होण्याकडे कल असतो. म्हणजे फॉर्मवर ‘चक्कर, अशक्तपणा, गुरुवारपासून बंद’ अशी जी सौम्य केस उभी राहिली होती, ती तासाभरात वॉर्डातली सगळ्यात जोखमीची केस झाली.

बेड कोपऱ्यातला ठरला होता, तो नर्सिंग स्टेशनसमोर आणला. सलाईनच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन गेलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन कमी असतं, आणि त्यात आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या त्या ‘दोन सलाईन’ची मला म्हणूनच भीती वाटते. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आल्या, त्यामुळे दारू तुटल्याचा त्रास आवरायला डॉक्टरांनी नेहमीच्या क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी यकृतावर कमी भार टाकणारं लोराझेपाम निवडलं. तात्यांनी स्वतःच्या सहीने दाखल व्हायचं मान्य केलं आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे गरज पडली तर उपचारांच्या निर्णयांत आपल्या वतीने बोलणारा माणूस, म्हणून भावाचं नाव दिलं. बायकोचं का नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दुसरा निर्णय: चहातली गोळी

त्याच बोलण्याच्या शेवटी वहिनींनी पर्समधून कागदात गुंडाळलेला स्ट्रिपचा तुकडा काढला. नावाचा भाग कापून टाकलेला. ‘न सांगता दारू सोडवा’ असं सांगणाऱ्या एका माणसाकडून घेतलेल्या गोळ्या. महिनाभर त्या रोज एक गोळी कुटून सकाळच्या चहात घालत होत्या. आठवड्यापूर्वी एका साखरपुड्यात तात्या चोरून प्यायले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. घरात सगळ्यांनी पित्त म्हटलं. वहिनींना एकटीलाच माहीत होतं आणि त्या रात्रभर नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

वर्णन डायसल्फिरामशी जुळत होतं. हे औषध दारूचं शरीरातलं पचन अर्ध्यावर अडवतं, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड साठतं आणि हा सगळा त्रास होतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने, किमान १२ तास दारू थांबल्यावर आणि यकृत-हृदय तपासूनच ते सुरू करतात. शेवटच्या गोळीनंतरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. न सांगता दिलं तर माणूस प्यायचा तेवढाच पितो आणि मरणाच्या दारात जाऊ शकतो. तात्या रोज तीन-चार क्वार्टर पीत असताना गोळी चालू होती, तरी एकदाच मोठा त्रास झाला. कदाचित रोजचा चहा ते पूर्ण पीत नसतील, कदाचित गोळीत भलतंच काही असेल.

वहिनी म्हणाल्या, “मॅडम, त्यांना कळलं तर ते मला घरात ठेवणार नाहीत.”

डॉक्टरांना सांगायचं यात प्रश्नच नव्हता. दहा मिनिटांत सांगितलं, ईसीजी निघाला, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालणार नाही अशी सूचना फाइलवर लाल पेनाने गेली. प्रश्न तात्यांचा होता. तीन रस्ते होते.

ताबडतोब सांगायचं, कारण त्यांच्या शरीरात काय गेलं हे जाणण्याचा हक्क त्यांचा आहे. पण पुढच्या दोन रात्रींत डिलिरियम झाला तर ‘बायको विष घालते’ हा विचार त्यात घट्ट रुतून बसण्याची भीती होती. डिलिरियममध्ये रुग्णाला तसाही कुणीतरी मारायला टपलंय असं वाटत असतं. इथे तर त्याला खरा पुरावा मिळाला असता.

कधीच सांगायचं नाही. वहिनींची हीच इच्छा होती. पण मग पुढचं सगळं समुपदेशन एका झाकलेल्या गोष्टीवर उभं राहिलं असतं, आणि उद्या बाहेर कुणी त्यांना डायसल्फिराम लिहून दिलं असतं तर मागच्या त्रासाची माहिती त्यांच्याकडे नसती.

तिसरा रस्ता म्हणजे मेंदू साफ होईपर्यंत थांबायचं आणि मग वहिनींनी स्वतः, आमच्यासमोर सांगायचं. आम्ही हाच घेतला. वहिनींना स्पष्ट सांगितलं की हे त्या सांगणार नसतील तर डॉक्टर सांगतील. ते कायमचं लपवायला आम्ही मदत करणार नाही. त्यांना हे आवडलं नाही. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

वॉर्डातल्या रात्री

मंगळवारची रात्र बेचैनीत गेली, पण आकडी आली नाही. दारू तुटल्यावरची लक्षणं मोजायला आम्ही सीवा ही पट्टी वापरतो. १० मुद्दे, कमाल ६७ गुण. नर्सिंग स्टाफ ठरावीक वेळाने गुण काढतो आणि त्यावर डोस ठरतो. बुधवारी दिवसभर आकडे वर-खाली होत राहिले. संध्याकाळी ते चढायला लागले.

बुधवारी रात्री माझी ड्युटी होती. एकच्या सुमारास तात्या बेडवर गुडघ्यावर उभे होते. डावा हात वर, जणू घड धरलाय, आणि उजव्या हाताची बोटं कात्रीसारखी उघड-मीट करत होती. विरळणी चालली होती. एक घड झाला की हात पुढच्या घडाकडे सरकायचा, मधेच ते बोटाने मणी बाजूला करून आत बघायचे. “दाट झालंय, लई दाट झालंय. त्या पोरींना इकडच्या ओळीला पाठवा.” घामाने गंजी भिजली होती.

वॉर्डबॉय म्हणाला, “तात्या, झोपा, इथं कुठं बाग आहे?” आणि तात्या खवळले. डिलिरियममध्ये वाद घालून काही साधत नाही, आणि ‘हो हो, बाग छान आलीय’ म्हणून खेळात सामील झालं तर गोंधळ वाढतो. आम्ही दिवा लावला, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा पडदा सरकवला. मी समोर, जरा लांब उभी राहून तेच तेच शब्द, त्याच आवाजात बोलत राहिले. तात्या, तुम्ही नाशिकला दवाखान्यात आहात. रात्रीचा एक वाजलाय. तुमचा भाऊ बाहेर बसलाय. तुमच्यावर उपचार चालू आहेत. याला समुपदेशन म्हणायला लोक तयार नसतात. माझ्या मते डिटॉक्समधलं ते मुख्य काम आहे.

भाऊ आत आला आणि म्हणाला, “हातपाय बांधा ना मॅडम, पडतील ते.” बांधल्याने भीती वाढते, ओढाताणीत इजा होते. बांधणं हा अगदी शेवटचा, डॉक्टरांच्या लेखी आदेशाने आणि थोड्याच वेळापुरता घ्यायचा निर्णय असतो. त्याऐवजी भावालाच पायाशी खुर्ची दिली.

डॉक्टर आले, डोस वाढला. इथेच ठेवायचं की आयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवायचं, हा प्रश्न होता. आमच्याकडे फिजिशियन बोलावता येत होते, व्हेंटिलेटर नव्हता. त्यांनी चार खुणा कागदावर लिहून भावाच्या हातात दिल्या: ताप वाढला, आकडी आली, रक्तदाब हाताबाहेर गेला किंवा औषधाने जाग येईनाशी झाली, तर त्याच क्षणी हलवायचं, चर्चा नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला आधीच फोन केला होता. त्या कागदावर भावाने प्रतिनिधी म्हणून सही केली. ॲम्ब्युलन्स लागली नाही. गुरुवारचा दिवसही तसाच गोंधळाचा गेला, शुक्रवारी पहाटे ते झोपले आणि दुपारी उठून त्यांनी विचारलं, “आज वार कोणता?”

या काळात आई बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांना हे सगळं माळेचा कोप वाटत होतं. तात्यांचं गुपित मला सांगता येत नव्हतं, तेवढं सोडून मी बोलले. वर्षानुवर्षांची दारू शरीरातून तुटली की मेंदू असा भरकटतो, माळ घातलेल्याचाही आणि न घातलेल्याचाही. त्यांना किती पटलं सांगता येत नाही. शुक्रवारी त्या मात्र ‘आता जरा समजवा ना, आता ऐकतील’ म्हणून मागे लागल्या. मी नकार दिला. डिलिरियममधून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या डोक्यात उपदेश टिकत नाही; सकाळी रडून पाया पडलेला रुग्ण संध्याकाळी ते सगळं विसरलेला मी पाहिला आहे.

शनिवारी वहिनींनी गोळीचं सांगितलं. तात्या बराच वेळ गप्प राहिले, मग साखरपुड्याच्या दिवसाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. आरडाओरडा झाला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी बायकोच्या हातचा चहा घेतला नाही. कॅन्टीनचा पोरगा आणेल तोच.

तिसरा निर्णय: खुडा की वॉर्ड

रविवारी व्यापाऱ्याचा फोन आला. मंगळवारी बाग बघून सौदा करायचा होता. तात्यांनी सोमवारी सुट्टी मागितली.

आता ते पूर्ण शुद्धीत होते. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने डिस्चार्ज मागितला तर तो द्यावा लागतो. सपोर्टेड ॲडमिशनच्या (रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करण्याच्या) अटींत तो बसतो का, हे तपासण्यापुरतं २४ तास थांबवता येतं, आणि तात्या त्या अटींत बसत नव्हते. आई आणि भावाचं म्हणणं उलट: “सोडूच नका, सहा महिने ठेवून घ्या.” माणसाला घरातून उचलून नेऊन कुलपात ठेवणारी ठिकाणं असतात आणि कंटाळलेली घरं तिथे पैसे मोजतात. ज्याला तसं ठेवलं गेलंय तो बाहेर आल्यावर दवाखान्याचं नाव काढू देत नाही, हे आमच्यापर्यंत पोचणाऱ्या अनेकांकडे बघून मी सांगू शकते.

तात्यांना भीती घालून थांबवता आलं असतं. भावासोबत अर्ध्या दिवसाची रजा देता आली असती. पण दिंडोरी रस्त्यावर जाताना त्यांचा नेहमीचा गुत्ता लागतो आणि औषधं अजून उतरवत आणायची होती. मला कळत नव्हतं की भाऊ समर्थ असताना हे इतके अस्वस्थ का. म्हणून दारूचा विषय बाजूला ठेवून आम्ही द्राक्षांवर बोललो.

मग कळलं. तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी माल भरून नेऊन पैसे न देता गायब झाला होता. तो सौदा भावाने केला होता. भावाचं म्हणणं, त्या दिवशी तात्या पिऊन पडले होते म्हणून मला करावा लागला. दोघं त्यावर कधी बोलले नव्हते. दारू, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि ते बुडालेले पैसे, सगळ्याचा गुंता एकच होता. त्या एका तासात त्या घराबद्दल जे समजलं, ते नेहमीच्या प्रश्नावलीतून समजलं नसतं.

तोडगा त्या दोघांनीच काढला. भाऊ बागेत उभा राहील, तात्या वॉर्डातून फोनवर बोलतील, भाव तात्या ठरवतील आणि पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. खातं वहिनींचं, म्हणजे रोख हातात पडणार नाही. डॉक्टरांना हे फारसं रुचलं नाही. सौद्याचा ताण आत्ता नको, असं त्यांचं मत होतं. शेवटी त्यांनी परवानगी दिली. मंगळवारी तात्या पाऊण तास फोनवर होते, घासाघीस करताना वॉर्डभर आवाज घुमत होता. बुधवारी ते घरी गेले.

पुढे काय झालं

महिनाभराच्या निवासी पुनर्वसनाला त्यांनी नकार दिला. मग दर आठवड्याला ओपीडी, थायमिनच्या गोळ्या, आणि यकृताची स्थिती पाहून दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट ठरलं. डायसल्फिराम नाही. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा परस्परमदत गट) मीटिंगला ते दोनदा गेले आणि ‘तिथं सगळे आपलंच रडगाणं सांगतात’ म्हणून थांबले. गावच्या भजनी मंडळात मात्र जाऊ लागले. सकाळचा चहा बरेच दिवस स्वतःच करून प्यायचे. वहिनी हे सांगताना तक्रारही करत होत्या आणि हसतही होत्या.

मे महिन्यात पुतण्याच्या हळदीला प्यायले. पुढचे दोन दिवसही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून स्वतः आले आणि काउंटरवर कुणी विचारायच्या आत वेळ सांगितली: “काल रात्री अकराला, दोन.” घरी राहूनच औषधं द्या अशी त्यांची विनंती होती. आधीची आकडी आणि डिलिरियम पाहता डॉक्टरांनी ती मानली नाही. या वेळी वॉर्डात फारसं काही घडलं नाही.

जूनमध्ये निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत ते सिन्नरपर्यंत चालले. ऑक्टोबर छाटणीपर्यंत फॉलोअप नियमित होता आणि दारू बंद होती.

वेगळं काय करता येईल

श्वास तपासायचं यंत्र आता दारातच आहे. त्याने कबुली देण्याची लाज वाचते; आकडा बघून रुग्ण स्वतःच बोलतो. पण यंत्र फक्त आत्ता रक्तात काय आहे ते सांगतं, दिवाळीतली आकडी सांगत नाही. त्यामुळे नातेवाइकांना एकेकटं भेटणं बंद झालेलं नाही. फॉर्मवर त्या रकान्याच्या आता तीन ओळी आहेत: रुग्ण काय म्हणतो, नातेवाईक काय म्हणतात, आणि आमचा अंदाज. ‘चक्कर’ असं कुणी लिहिलं तर स्टाफने तोंड वाकडं झालं का, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, हे विचारायचंच.

गोळीचं सांगायला शनिवारपर्यंत थांबावं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारी वार विचारला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मला एक शांत रात्र मध्ये असणं गरजेचं वाटतं. तसंच प्रकरण पुन्हा आलं तर मी तेच करेन.

घरी जाताना दारू पुन्हा सुरू होऊ शकेल अशा प्रसंगांची जी यादी केली, त्यात बाजाराचा दिवस होता, खुड्याचे पैसे होते, व्यापाऱ्याशी भांडण होतं. लग्नसराई नव्हती. नाशिक जिल्ह्यात फेब्रुवारीत सुट्टी मिळालेल्या माणसाला एप्रिल-मेच्या हळदी लागणारच. आता डिस्चार्जच्या वेळी घरच्यांसोबत पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर उघडतो आणि कोणत्या लग्नाला किती वेळ जायचं, सोबत कोण, परत कसं यायचं, हे तारखेवर लिहून देतो. काही जण हसतात. हसू देत.

आईंना माळेचं खरं अजून माहीत नाही. ते सांगायचं की नाही हे तात्यांचं आहे. माळ घालायचीच असेल तर डिटॉक्स झाल्यावर घाला, एवढं आता आम्ही आल्या आल्या सांगतो, आणि आईवडील सहसा ऐकतात.

वहिनींचं मात्र आमच्याकडून राहिलं. महिनाभर नवऱ्याच्या चहात गोळी घालणारी, एका रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बसलेली बाई प्रत्येक फॉलोअपला आली आणि प्रत्येक वेळी तिची नोंद ‘सोबत पत्नी’ एवढीच झाली. झोप लागत नसल्याचं त्यांनी चौथ्या-पाचव्या भेटीत, निघता निघता सांगितलं. आता सोबत येणाऱ्या बायकोचा वेगळा केसपेपर काढतो, पहिल्याच आठवड्यात, वेगळ्या वेळेला. रात्री-अपरात्रीसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून देतो. केसपेपरचे पैसे माफ करावेत म्हणून व्यवस्थापनाकडे अर्ज दिला आहे.